जुन्या याशिकाला टीटीएल फ्लॅश घेऊ का?

प्रश्न : नमस्कार सर, मी सांगलीत विश्रामबागला राहतो. आजोबांची याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन (जुना फिल्म कॅमेरा) कपाटात पडून होती, ती साफ करून घेतली, दिवसाचे फोटो झकास येतात. आता चुलत बहिणीचं लग्न आहे, हळद घरीच अंगणात आणि नंतर रात्रीचा गोंधळ. दुकानात डिजिटलचा टीटीएल फ्लॅश दाखवला, महाग आहे पण सगळं आपोआप करतो म्हणाले. तो घेऊ की जुना एखादा बघू?

उत्तर : टीटीएलवर पैसे घालू नका. टीटीएल म्हणजे लेन्समधून आत आलेला फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्याने मोजायचा आणि फ्लॅशला सांगायचं की बास आता. तुमच्या याशिकात ती सोयच नाही, हॉट शूवरचा (डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच) मधला कॉन्टॅक्ट फ्लॅश उडवतो, बाकी काही सांगत नाही. म्हणजे तो महागडा फ्लॅश शेवटी मॅन्युअलवरच, म्हणजे ताकद हाताने ठरवून, वापरावा लागणार, आणि त्यात मॅन्युअल मोड नसेल तर कामाचाच नाही.

तुम्हाला हवा तो स्वतःच्या अंगावर सेन्सर असलेला साधा ऑटो फ्लॅश, जुन्या स्टुडिओवाल्यांकडे असायचे तसा. समोरून परत आलेला उजेड तो स्वतः मोजतो आणि स्वतः बंद होतो, तुम्ही फक्त फिल्मचा आयएसओ (फिल्म उजेड किती पटकन टिपते तो आकडा) लावायचा, फ्लॅश जो एफ नंबर (लेन्सचं छिद्र किती उघडं ते; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) सांगेल तो लेन्सवर लावायचा, झालं. जुना विविटार २८३ मिळाला तर ताकद भरपूर, पण याशिकावर डोईजड होतो. मी तरी गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) २० च्या आसपासचा छोटा फ्लॅश घेईन. नवाच पाहिजे तर गोडॉक्सचा लक्स ज्युनियर आहे, त्याचा गाइड नंबर १२, खोलीत ठीक, अंगणात कमी पडेल.

आता गाइड नंबर नीट समजून घ्या, कारण रेंजफाइंडरवाल्यासाठी (तुमच्यासारखा, दोन चित्रं जुळवून अंतर धरणारा कॅमेरा असलेल्यासाठी) खरी मजा इथेच आहे. गाइड नंबरला मीटरमधल्या अंतराने भागलं की एफ नंबर मिळतो. २० हा आकडा आयएसओ १०० चा, ४०० ची फिल्म घातली की तो दुप्पट म्हणजे ४० होतो. नवरी ५ मीटरवर असेल तर एफ ८, अडीच मीटरवर असेल तर एफ १६. आणि अंतर मोजायला वेगळं काही लागत नाही, पिवळ्या ठिपक्यातली दोन चित्रं एकावर एक बसवली की लेन्सच्या रिंगवर आकडा तयारच असतो! जे टीटीएल करणार ते अर्धं काम तुमचा कॅमेरा आधीच करतोय. फक्त उघड्या अंगणात भिंत, छत नसल्यामुळे हिशोबापेक्षा उजेड थोडा कमी पडतो, तिथे एक स्टॉप जास्त उघडा, म्हणजे एफ ८ ऐवजी ५.६.

जीएसएनवर फ्लॅशच्या खुणेला लावलं की शटर १/३० सेकंदाचं होतं. हळदीला, हॅलोजन लावलेले असतील तर एफ ५.६ किंवा ८ ठेवा, नाहीतर मागचा उजेड आणि हलणारी माणसं दोन्ही फिल्मवर येतात आणि भुतासारख्या रेषा दिसतात. गोंधळाला मात्र उलटं करा. संबळ वाजतंय, दिवटी पेटलीय आणि तुम्ही एफ १६ वर फुल फ्लॅश मारलात तर दिवटीचा सगळा उजेड मेला म्हणून समजा, नुसते पांढरेफटक चेहरे उरतील. फ्लॅशवर एफ ४ चा ऑटो असेल तर तो घ्या, ४०० ची फिल्म, १/३०, म्हणजे ज्वाळेचा पिवळेपणाही राहतो आणि माणूसही उजळतो. फोकस ज्वाळेच्या कडेवर किंवा लुगड्याच्या काठावर घ्या, अंधारात चेहऱ्यावर ठिपका जुळत नाही.

सेकंडहँड घेताना बॅटरीचा कप्पा उघडून बघा, हिरवट बुरशीसारखं दिसलं तर सोडून द्या. नवे सेल घाला, ऑटोवर ठेवा, पांढऱ्या भिंतीजवळ उडवा, फ्लॅश तयार असल्याचा दिवा लगेच परत लागला पाहिजे, मग मोकळ्या अंधारात उडवा, आता चार्जिंगला जास्त वेळ लागला पाहिजे. दोन्हीकडे सारखाच वेळ लागला तर सेन्सर गेलेला असू शकतो. फ्लॅश उघडायला जाऊ नका, आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठलेले असतात. आणि जुना फ्लॅश घरातल्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका, जुन्या फ्लॅशकडून कॉन्टॅक्टवर येणारा जास्तीचा व्होल्टेज याशिका सहन करते, डिजिटलचं सर्किट जळू शकतं.

प्रश्न : माझ्याकडे झोर्की ४ (जुना रशियन फिल्म कॅमेरा) आहे, सातारा. फ्लॅश लावला की फोटो अर्धा काळा येतो, लेन्स गेली का?

उत्तर : लेन्स नाही, स्पीड चुकतोय. झोर्कीत कापडी पडद्याचं शटर आहे, वरच्या स्पीडला पूर्ण फ्रेम एकाच वेळी उघडी नसते, फ्लॅश जेवढ्या फटीवर पडला तेवढाच भाग उजळतो. १/३० किंवा त्याहून हळू स्पीड ठेवा, फ्लॅशची वायर कॅमेऱ्यावरच्या सिंक सॉकेटमध्ये (फ्लॅशच्या वायरचं भोक) लावा कारण वरचा शू नुसता पकडायला आहे, आणि स्पीड नेहमी शटर चढवल्यावरच बदला.