वर्दी उतरवून तहसील कार्यालयात बसताना

कॅप्टन, मराठवाड्यात पोस्टिंग मिळालंय ते उत्तम झालं. आधी मेजर जनरल जयंतनाथ चौधरींचा काळ नीट वाचून काढ. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाच्या फौजेची शरणागती त्यांनी स्वीकारली आणि ते हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले, 1949 संपेपर्यंत. पण मला मोठं वाटतं ते पुढचं काम: ऑगस्ट 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या, त्या त्यांच्याच कारभारात. तुझ्या टेबलावर येणाऱ्या इनाम जमिनींच्या फायलींची मुळंही निजामी काळातच आहेत.

पलटणीत हुकूम सुटला की काम होतं. इथे फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची, नोंद तलाठी घेतो, नोटिसा काढतो, हरकतीची मुदत जाऊ देतो, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. त्यात घाई करू नकोस, अपिलात उलटतं. माझ्याकडे एक आजी खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीची, नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत, घड्यांवर फाटलेली, घेऊन आल्या होत्या. मी उभ्या उभ्याच ऐकलं आणि निम्मं चुकलं. अजून सलतं ते.

खुर्ची दे, कागद स्वतः उलगड. आणि पहिला महिना जुन्या अव्वल कारकुनाशेजारी बसून काढ. मोडी वाचणारं कोणी तालुक्यात असेल तर त्यांचा नंबर आजच घेऊन ठेव.