प्रभूचं काम आणि मदतनीस मुलीचा पगार

प्रिय ताई,

मी वसईतल्या एका गावातली, वय २९. जाहिरात कंपनीतली नोकरी सोडली आणि घराच्या पडवीत स्वतःचं काम सुरू केलं. हाताने लिहिलेल्या लग्नपत्रिका, स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) आणि कम्युनियनची (ख्रिस्तप्रसादाच्या विधीची) कार्डं, सजवलेल्या मेणबत्त्या, नाताळचे तारे, दिवाळीत कंदील. हे काम प्रभूनंच माझ्या हाती दिलंय असं मी मानते आणि पानावर तसं उघड लिहिते. रविवारी काम बंद. प्रत्येक डब्यात बायबलच्या स्तोत्रसंहितेतली एक ओळ लिहिलेली चिठ्ठी असते.

गेल्या मोसमात एका हिंदू घरच्या पत्रिकांमध्ये ती चिठ्ठी गेली. मुलीची आई फोनवर म्हणाली, "आम्ही पत्रिका मागवल्या होत्या, प्रचार नाही." आमच्या प्रार्थना गटातल्या एक बाई उलट बोलल्या की पत्रिकेवर गणपती काढतेस, मग ख्रिस्ती व्यवसाय कसला? धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतली, माणसं तर सगळं अर्ध्या किमतीत मागतात, पैसेही उशिरा देतात. त्यातच चर्चचे पैसे अडकल्याने पाड्यावरून येणाऱ्या माझ्या मदतनीस मुलीचा दोन महिन्यांचा पगार राहिलाय, पण ती समजून घेते. भाऊ म्हणतो, दादरच्या प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा तर आधी लोगोतला क्रूस काढ. श्रद्धा लपवू, की इतरांच्या ऑर्डरी घेणंच बंद करू?

– पडवीतली कारागीर

प्रिय कारागीर,

तू चार गाऱ्हाणी मांडलीस आणि पाचवी गोष्ट जाता जाता सांगून टाकलीस. मला त्या पाचवीपासूनच सुरुवात करायची आहे.

"ती समजून घेते." अगं, ती दुसरं काय करणार? दोन महिने पगार न मिळालेली मुलगी मालकिणीच्या तोंडावर "मला समजत नाही" असं म्हणेल का? पाड्यावरून रोज येते, लाख वितळवून पाकिटांवर मोहोर उठवते, बोटं भाजून घेते, आणि घरी गेल्यावर आईला सांगते की ताईंचे पैसे चर्चकडून यायचेत. तिच्या घरी वाण्याची उधारी कोणत्या धर्मग्रामाच्या नावावर लिहायची?

तू बायबल वाचणारी आहेस. लेवीय १९ मध्ये मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंतसुद्धा आपल्याजवळ ठेवू नको असं आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर दाबून ठेवलेली मजुरीच ओरडते, आणि तो आवाज देवाच्या कानापर्यंत जातो. स्तोत्रातल्या ओळी सुंदर आहेत, डब्यातही शोभतात. पण व्यवसाय ख्रिस्ती आहे की नाही ते चिठ्ठीवरून कुणी ओळखणार नाही, त्या मुलीला विचारलं तर कळेल. तेव्हा हा अंक हाती पडेल त्या आठवड्यात तिचे पैसे चुकते कर. भावाकडून उसने घे, रंगांची खरेदी लांबव, काही कर. आणि यापुढे तिचा पगार कुणाच्याही बिलाशी बांधू नकोस. गिऱ्हाईक बुडवो की उशीर करो, ती जोखीम मालकिणीची. मालक म्हणवून घ्यायचं ते त्यासाठीच.

हे झालं की बाकीचं सोपं आहे.

आता चर्चवाल्यांची अर्धी किंमत. राग येऊ देऊ नकोस, पण ही सवय त्यांना थोडीफार तूच लावलीस. पानावर "हे प्रभूचं काम" लिहिलंस की लोक म्हणणारच, प्रभूच्या कामाचे पैसे कसले? येशूचा संदेश गावोगावी नेणारा प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा, करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहून त्याने तोच धंदा केला. त्याने तंबू फुकट वाटले असं कुठे लिहिलेलं नाही. आणि कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे हे खुद्द येशूच्या तोंडचं वाक्य आहे.

म्हणून दान आणि धंदा यांच्या वह्या वेगळ्या कर. वर्षाच्या सुरुवातीला ठरव की यंदा चर्चला इतक्या रकमेचं काम भेट देणार, दशमांशातून, म्हणजे देवासाठी काढलेल्या कमाईच्या दहाव्या हिश्शातून म्हण हवं तर. ऑर्डर आली की बिल पूर्ण दराचं कर. त्याखाली "सप्रेम भेट" लिहून तेवढी रक्कम वजा कर आणि उरलेली माग. वर्षाची भेट संपली की संपली, मग फादरांच्या बहिणीचं लग्न असलं तरी पूर्ण दर. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कागद कापायला घ्यायचा नाही, हा नियम सगळ्यांना. एकदोघी तोंड वाकडं करतील. पण दुसऱ्या खेपेला त्याच बिलाच्या वहीचा मान ठेवतील.

चिठ्ठीबद्दल मात्र मी त्या आईच्या बाजूची आहे.

त्या घरात तुझा डबा कुठे उघडला गेला असेल याचा विचार केलास? पत्रिका आल्या की पहिली कुलदैवतापुढे आणि गणपतीपुढे ठेवतात. कुंकू लावतात, अक्षता टाकतात, मगच वाटायला काढतात. देवघरासमोर पाट मांडलेला, सासूबाई हात जोडून उभ्या, आणि झाकण काढल्यावर सगळ्यांत वर तुझी चिठ्ठी. ओळ कितीही मायेची असो, ती त्या क्षणी त्या घराने बोलावलेली नव्हती. त्यात आजचे दिवस असे की ख्रिस्ती माणसाने साधा नमस्कार केला तरी काहींना त्यात धर्मांतर दिसतं. तो संशय अन्यायाचा आहे, माझ्याही वाट्याला येतो. पण म्हणून त्या बाईची तक्रार खोटी ठरत नाही. तिला एकदा फोन कर. "ती चिठ्ठी मी सगळ्याच डब्यांत ठेवते, तुमच्या डब्यात विचारल्याशिवाय ठेवायला नको होती," एवढंच म्हण. लांबण लावू नकोस, सवलतही देऊ नकोस. पत्रिकेत खोट नव्हती.

आपल्याकडे दुकानात श्रद्धा दिसण्याचं कुणाला वावडं नाही. किराण्याच्या दुकानात गल्ल्यावर लक्ष्मी असते, वहीवर शुभ-लाभ असतं, कुठे ७८६ असतं, रिक्षात मेरीमातेच्या तसबिरीला जुईचा गजरा असतो. मालकाची भिंत ती मालकाची. तुझ्या पडवीतल्या भिंतीवर, पानावर, बिलाच्या माथ्यावर, लोगोत जे लिहायचं ते बिनधास्त लिही. गिऱ्हाइकाने विकत घेतलेला डबा मात्र त्याचा. ज्याला चिठ्ठी हवी त्याने ऑर्डरच्या वेळी सांगावं, अर्जावर एक चौकोन ठेव. कम्युनियनच्या कार्डांत ती जाईलच.

तुला एक उदाहरण देते, ते तुझ्या डोक्यावरही असू शकेल. १८६५ साली बासेल मिशन या स्वित्झर्लंडहून आलेल्या ख्रिस्ती संस्थेच्या लोकांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. धर्मप्रसारासाठी आलेली माणसं ती, काही लपवून नव्हती. कौलाच्या अंगावर मिशनचं नाव ठसठशीत उठवलेलं असायचं, आजही जुनं घर उतरवताना असं कौल हाती लागतं. कोकणातल्या लोकांनी मंगलोरी कौलं घेतली ती पावसाला टिकली म्हणून. ठसा बघून ना कुणी कौल परत केलं, ना ठसा आवडला म्हणून गळकं कौल घेतलं. तुझा क्रूस लोगोत राहू दे.

आता गणपती. इथे मी तुला हुकूम देणार नाही, कारण हा प्रश्न तुझ्या सदसद्विवेकाचा आहे आणि या बाबतीत प्रामाणिक ख्रिस्ती माणसांतही दोन मतं आहेत. मूर्तीला दाखवलेलं मांस खावं की नाही यावर करिंथची मंडळी भांडत होती. पौलाने त्यांना बाजारात मिळेल ते चौकशी न करता खा असंही सांगितलं, आणि दुसऱ्याच्या मनाला ठेच लागत असेल तर थांबा असंही. माझं मत विचारशील तर गिऱ्हाइकाच्या पत्रिकेवरची "श्री गणेशाय नमः" ही ओळ त्याची प्रार्थना असते, तू फक्त तिचं अक्षर नीट काढतेस. माझ्या देवाला त्याचा राग यावा असं मला वाटत नाही. पण तुझ्या हातांनी काय करायचं ते मी ठरवू शकत नाही.

एवढंच बघ: गणपती काढताना तुला खटकलं होतं, की त्या बाई बोलल्यावर खटकायला लागलं? पत्रावरून मला यातलं दुसरं खरं वाटतं. आतून खरंच अडत असेल तर दरपत्रकावर स्वच्छ लिही की मी अक्षरं आणि वेलबुट्टी करते, कोणत्याच देवाची चित्रं काढत नाही. मग मेरीमातेचंही काढायचं नाही, नियम सगळ्यांना सारखा. अडत नसेल तर काढ, आणि त्या बाईंना हसून चहा दे. चित्रांवरून आपल्याच माणसांनी बोल लावणं नवं नाही. गोव्यात १९०२ साली जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका बंगालात चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले आणि मेरीमातेला साडी नेसवून तिची चित्रं काढू लागले. गोव्यातल्या कित्येक कॅथलिकांना ते रुचलं नाही. मग पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. आज तीच चित्रं गोव्यात जपून ठेवली जातात.

इतरांच्या ऑर्डरी बंद करण्याचं मनात आणूच नकोस. श्रद्धेचं राहू दे, आधी हिशेब कर. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत आणि नाताळआधीच्या आगमनकाळात आपल्याकडे लग्नं जवळजवळ नसतातच. तुळशीचं लग्न लागलं की मात्र हिंदू घरांतली लगीनघाई सुरू होते, आणि तेव्हाच तुझी पडवी चालते. दिवाळीच्या कंदिलासाठी सोललेल्या बांबूच्या कामट्याच पुढे नाताळच्या ताऱ्याला लागतात, हे तू मला सांगायला हवं, मी तुला नाही. ज्यांच्या पैशावर त्या मुलीचा पगार होतो त्यांना दारातून परत पाठवणं ही श्रद्धा कशी?

राहिलं दादरचं प्रदर्शन. क्रूसापेक्षा तिथे तुला रविवार नडेल. असली प्रदर्शनं बहुधा शनिवार-रविवार धरून भरतात आणि रविवारी गर्दी असते. फॉर्म भरण्याआधी आयोजकांना विचार, एक दिवसाचा स्टॉल मिळतो का. नाही मिळाला आणि जायचंच ठरलं, तर रविवारऐवजी शनिवारी संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) धर आणि सोमवारी पडवी बंद ठेव. वर्षातून एकदा असं केलंस तर तुझे फादरही काही म्हणणार नाहीत, त्यांनाच विचारून बघ. फक्त रविवारी त्या मुलीला सोबत नेणार असशील तर त्या दिवसाची मजुरी वेगळी ठरव, आणि ती संध्याकाळी दादरहून परतीची गाडी पकडायच्या आधी तिच्या हातात पडू दे.

– तुझी ताई