कुत्र्याचं पिसवांचं मानेवर टाकायचं औषध मांजरीला अर्धं टाकलं तर चालेल का? कोणत्या कंपनीचं चांगलं, किती दिवसांनी टाकायचं?

नाही. अर्धं नाही, पाव नाही, एक थेंब पण नाही. आधी पाकीट उलटं करून बघा, परमेथ्रिन (पिसवा-किडे मारायचं रसायन) लिहिलेलं असेल तर मांजरीला लावायचंच नाही.

एवढं तोडून लिहितोय कारण आमच्या घरी झालंय हे भो. आम्ही एरंडोलचे. मे महिना, शेरूला पिसवा इतक्या की ओट्यावर बसलं की आपल्याच पायाला चावायच्या. दाजी आलेले, त्यांचं कृषी केंद्र, म्हणजे औषधातलं सगळं त्यांनाच कळतं. शेरूच्या मानेवर नळी पिळली नि उरलेलं चिंगीच्या पाठीवर. मी म्हटलं दाजी मांजराचं वेगळं येतं ना, तर म्हणे "वजन कमी तर डोस कमी, त्यात काय एवढं." जावयाला कोण बोलणार, आई तर लगेच चहा टाकायला उठली.

रात्री आठला चिंगीचे कान उडायला लागले, माशी बसल्यासारखे, पण माशी नाही. मग पाय झटकायला लागली, ओल्यात पडल्यासारखे. मग लाळ, मग सगळं अंग थरथर. डॉक्टर फोनवर म्हणाले भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा नि टॉवेलात गुंडाळून तसंच जळगावला आणा. सलाईन, झटक्यांची इंजेक्शनं, दोन दिवस तिथेच. वाचली. कुत्र्याचं लिव्हर हे परमेथ्रिन फोडतं, मांजराचं जवळपास फोडतच नाही, म्हणून वजनाचा हिशोबच लागत नाही. कपाशीवरचं सायपरमेथ्रिन याच घराण्यातलं, ते रोज विकणाऱ्याला हे माहीत नसावं?

दाजी अजून म्हणतात तिला ऊन लागलं होतं. अहो ४४ डिग्रीत मांजर मोरीत जाऊन फरशीवर पसरते, कान नाही उडवत!

असो, तुमचं. मांजराचं म्हणून छापलेलं फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन आणा, महिन्यातून एकदा, मानेमागे केस बाजूला करून थेट कातडीवर, जिथं तिची जीभ पोचत नाही. फिप्रोनिल असेल तर आधी नि नंतर दोन दोन दिवस अंघोळ नको. गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका, अंडी नि कोष तिथंच असतात, त्यातून नवीन पिसवा निघत राहतात म्हणून लगेच औषध बोगस म्हणू नका.

हां, कुत्र्याच्या सगळ्याच औषधांत परमेथ्रिन नसतं, हे पण खरं. तरी कुत्र्याला परमेथ्रिनवालं टाकलं असेल तर पूर्ण सुकेपर्यंत मांजरीला त्याच्याजवळ झोपू देऊ नका, चाटते ती. अगदीच लहान पिल्लू असेल तर यातलं काहीच स्वतःच्या मनाने नको, डॉक्टरला विचारा. आणि घरात ससा असेल तर त्याला फिप्रोनिल अजिबात नाही.