गुजराल सिद्धांताला ‘बोटचेपं धोरण’ का म्हणतात?

शेजाऱ्यांना द्यायचं, पण परतफेड मागायची नाही, हे इंद्रकुमार गुजराल यांच्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र होतं आणि टीकाकारांना ती एकतर्फी खैरात वाटली, म्हणून. देवेगौडा सरकारात परराष्ट्रमंत्री असताना १९९६ मध्ये त्यांनी हे धोरण मांडलं. एप्रिल १९९७ मध्ये ते स्वतःच पंतप्रधान झाले. जास्त बोचरा आरोप असा की त्यांनी ‘रॉ’च्या पाकिस्तानातल्या गुप्त कारवाया थांबवल्या आणि दोनच वर्षांत कारगिल घडलं. हा आरोप मुख्यतः माजी गुप्तचर अधिकाऱ्यांच्या आणि पत्रकारांच्या लिखाणातून येतो, त्यामुळे तो जरा जपूनच घ्यावा. कारगिलचं खापर थेट त्यांच्यावर फोडणं तर मला ओढूनताणून वाटतं.

मूळ सूत्र मात्र नीट वाचा. परतफेड न मागण्याच्या यादीत नेपाळ, बांगलादेश, भूतान, मालदीव आणि श्रीलंका आहेत, पाकिस्तान नाहीच! शिवाय आपल्या भूमीचा वापर दुसऱ्या देशाविरुद्ध होऊ द्यायचा नाही, ही दुसऱ्या सूत्रातली अट दक्षिण आशियातल्या सगळ्याच देशांना लागू होती. डिसेंबर १९९६ चा बांगलादेशाबरोबरचा ३० वर्षांचा गंगा पाणीवाटप करार याच काळातला. आणि अणुचाचणीबंदी करारावर सही करायला १९९६ मध्ये जिनिव्हात भारताने साफ नकार दिला, तेव्हा परराष्ट्रमंत्री गुजरालच होते.