माडांच्या पल्याडचा वारा

प्रश्न : गोव्यात मोरजीला दर्यापासून अर्ध्या किलोमीटरवर आमचे नळ्यांचे, म्हणजे कौलारू घर आहे. एक विक्रेता छपरावर एक किलोवॉटची छोटी पवनचक्की ९० हजारांत बसवून देतो म्हणतो. ‘दिवसाला २४ युनिट, बिल विसरा!’ पावसाळ्यात सोलर झोपते तेव्हा वारा असतोच, हे मलाही पटते. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर एवढ्या चक्क्या फिरतात, मग आमच्याकडे का नाही? घ्यावी का? — एक वाचक, मोरजी

उत्तर : घेऊ नका. हरमलला माझ्या घरावर अशीच एक चक्की दोन पावसाळे होती. दोन मीटर व्यासाची, तीन पात्यांची, दिसायला मोठी देखणी.

विक्रेत्याचा गुणाकार बरोबर आहे : एक किलोवॉट गुणिले चोवीस तास. फक्त तो एक किलोवॉट साधारण सेकंदाला १२ मीटर वाऱ्याचा असतो. म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. तशा वाऱ्यात छत्री हातात टिकत नाही. तुमच्या अंगणात असा वारा वर्षातून किती तास असतो ते आठवा. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की ताकद निम्मी होत नाही, एक अष्टमांश होते. वेग पाव झाला तर एक चौसष्टांश. सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात तुमच्या हजार वॉटचे १५ वॉट उरतात. देवघरातला दिवा आणि न्हाणीघरातला दिवा, संपले.

हे मला आधी कुणी सांगितले नाही. नंतर वारा मोजायचे हातातले यंत्र आणले. एप्रिलमध्ये दुपारी तीनला, खारा वारा ऐन भरात असताना, किनाऱ्यावर ६ मीटर भरला; घरी येऊन शिडीवरून आढ्याजवळ धरले तर जेमतेम ३. मधले सगळे माडांनी खाल्ले. पहाटे तर यंत्राचे पाते हललेसुद्धा नाही. वर्षभरात चक्कीच्या मीटरवर ९१ युनिट पडले. आमचे घर तेवढी वीज अकरा दिवसांत संपवते.

पावसाळ्याचा तुमचा मुद्दा खरा आहे, मीही त्याच मोहात पडलो होतो. त्या ९१ पैकी ५८ युनिट जून ते ऑगस्टचे. पण दिवसाला भागले तर पाऊण युनिटही होत नाही. झोपलेले म्हणता ते एक किलोवॉटचे सोलर जुलैच्या ढगांतही दोनेक युनिट देते.

आणि मृगाचा वारा छपरावर सरळ येत नाही, भोवरे घालत येतो. चक्की सारखी तोंड फिरवत राहते. खांब चिऱ्याच्या भिंतीला आवळला होता, त्यामुळे तिची घरघर भिंतीतून थेट खाटेपर्यंत. पहिल्याच रात्री बायको उठून बसली, ‘आता कोण दळतंय?’ हादऱ्यांनी नळे सरकले. त्या चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायच्या जागेखाली गळतीची बादली ठेवली होती, पाहुणे आल्यावर ती कुठे लपवायची हा प्रश्न. दुसऱ्या वर्षी खाऱ्या हवेने बोल्ट गंजले, बेअरिंग गेले, आणि विकणाऱ्याचा फोनही गेला. उतरवायला माडावर चढून नारळ काढणारा पाडेली बोलवावा लागला!

चाळकेवाडी हजार मीटरहून उंच उघडे पठार आहे, आणि तिथल्या चक्क्या उंच मनोऱ्यांवर. चक्की आसपासच्या झाडांच्या शेंड्यांपेक्षा निदान नऊ-दहा मीटर वर हवी. वीस मीटरच्या माडांत तुम्हाला तीस मीटरचा मनोरा लागेल; तो ९० हजारांत बसत नाही आणि छपरावर तर नाहीच. विक्रेता उभ्या दांड्याची चक्की दाखवून ‘ही मंद वाऱ्यातही फिरते’ म्हणेल. फिरेल. भिरभिरेही फिरते.

जिथे विजेची तारच पोचत नाही अशा उघड्या डोंगरमाथ्यावर गोष्ट वेगळी. मोरजीत तेच पैसे सोलरला घाला. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचे अनुदान आहे. फक्त माडाची सावली पडणार नाही अशी बाजू आधी शोधा. दुपारी दोन तास अंगणात खुर्ची टाकून बसलात की कळते.

प्रश्न : सोलर बसवले, तरी लाईट गेली की तेही बंद पडते. फसवले का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. वीज खात्याच्या तारेला जोडलेला इन्व्हर्टर तार मेली की मुद्दाम थांबतो. नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या छपराची वीज लागेल. लाईट गेल्यावरही चालायला हवे असेल तर बॅटरी आणि तार व बॅटरी दोन्हींवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. पंखे, दिवे, फ्रिज एवढेच त्यावर घाला, पंप आणि गिझर नको.