अल्प्राझोलाम दोन महिने घेतली, आता एकदम बंद करू का?

तुमचा प्रश्न असा: डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ही चिंता कमी करणारी, झोप आणणारी गोळी (०.२५ मिलिग्रॅम) पंधरा दिवसांसाठी दिली होती, तुम्ही ती दोन महिने रोज रात्री घेताय. मध्ये दोन रात्री घेतली नाही तर छातीत धडधड, डोळ्याला डोळा नाही. मित्र म्हणतो, तोडून टाक, चार दिवस त्रास होईल.

मित्राचं ऐकू नका. ठाण्यात नौपाड्याला माझं औषधांचं दुकान आहे. डोस ठरवणं माझं काम नाही, पण ही गोळी सोडताना होणारे हाल मी काउंटरवरून खूप पाहिलेत.

मेंदूत गाबा नावाचं द्रव्य असतं, ते मेंदूची धावपळ आवरतं. ही गोळी त्याचा जोर वाढवते. रोज घेत गेलात की मेंदू त्या आयत्या मदतीला सरावतो. मग गोळी अचानक काढली की आवरायला कोणी उरत नाही. अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरते, साधारण ११ तासांत निम्मी, म्हणून तिचा फटका लवकर जाणवतो. तुमची ती धडधड बहुधा हीच. मनाचा कमकुवतपणा समजू नका. पुष्कळ दिवसांची गोळी एका झटक्यात बंद केल्यावर काहींना आकडीसुद्धा येते. तसं झालं, भास होऊ लागले किंवा माणूस भलतंच बरळू लागला, तर थेट कॅज्युअल्टी गाठा.

त्याच डॉक्टरांकडे जा आणि 'दोन महिने' हे खरं सांगा. लोक इथेच लपवतात. ते काही आठवड्यांत थोडी थोडी कमी करून देतील, कधी जास्त वेळ टिकणारी क्लोनाझेपाम देऊन मग ती उतरवतात. तोवर सांगितलाय तेवढाच डोस. झोप येईना म्हणून वर अर्धी नको. दारू अजिबात नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी किंवा झोप आणणारी सर्दीची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. ऐरोलीला स्कूटरवरून जाता म्हणालात. सकाळी डोकं जड असेल त्या दिवशी ट्रेनने जा.

माझ्या वडिलांबद्दल सांगते. आई गेल्यावर त्यांना हीच गोळी महिनाभरासाठी लिहून दिली होती. दुकान घरचं, मी पुढे दीड वर्ष चिठ्ठीशिवाय देत राहिले. 'बाबांना झोप लागते ना', एवढंच पाहिलं. एका रात्री बाथरूमला जाताना तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं. ते पुन्हा काठीशिवाय चालले नाहीत. २०१४ पासून अल्प्राझोलाम एच-१ यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या औषधांच्या कडक यादीत आहे. प्रत्येक विक्रीला डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव, गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. गिऱ्हाईक चिडतं, 'एवढ्याशा गोळीला चिठ्ठी कसली?' आता मी चिठ्ठीशिवाय एकही देत नाही, नातेवाईक असला तरी.

झोपेचं मूळही बघायला हवं. अनिद्रेवर सीबीटी-आय नावाची, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी बिनगोळीची उपचारपद्धत आहे, गोळीआधी तीच सुचवतात. त्यातलं एक आजपासून करा: रात्र कशीही जावो, उठायची वेळ तीच ठेवा, आणि वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणावर तळमळत न राहता उठून बसा. तज्ज्ञ परवडत नसेल तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. रात्री घाबरं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लावा, मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांची वेळ उद्याच घ्या. स्ट्रिप संपायची वाट पाहू नका, आणि उरलेल्या गोळ्या मोजून सोबत न्या.