बाळ दिवसा झोपतं, रात्री दर दीड तासाने पितं: दूध कमी पडतंय का?

ताई, तुमच्या प्रश्नातला मुद्दा असा: खानापूरजवळ माहेरी बाळंतपण झालंय, मुलगी १८ दिवसांची आहे. सकाळी न्हाऊ घातल्यावर ती साडेचार तास सलग झोपते आणि रात्री ११ ते पहाटे ४ दर दीड तासाने उठून पिते. घरातले म्हणतात, अंगावरचं दूध पुरत नाही, रात्री वरचं द्या, नाहीतर गुटीत जायफळ वाढवा. जन्माचं वजन २.८ किलो होतं, १४व्या दिवशी आशाताईंनी घेतलं ते २.९ किलो भरलं.

वजनाचे हे दोन आकडे तुम्ही दिलेत ते फार बरं केलंत. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, आणि १० ते १४ दिवसांत जन्माइतकं परत भरतं. तुमची मुलगी त्याच्याही पुढे गेली आहे. म्हणजे दूध पुरतंय. रोजची खूण घरातच बघा: या वयात २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला व्हायला हवा, लघवी फिकट हवी आणि शी पिवळी, पातळसर. आपल्याकडच्या पावसात लंगोट वाळत नाहीत म्हणून डायपर वापरत असाल, तर ओला किती झाला ते कळत नाही. अशा वेळी एका कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओता आणि हातात धरून बघा. लघवी झालेला डायपर साधारण तेवढा जड लागतो.

मग रात्री एवढं का उठते? १८ दिवसांच्या बाळाला दिवस-रात्र कळत नाही. ते घड्याळ डोक्यात बसायला दीड-दोन महिन्यांनंतर सुरुवात होते आणि नीट बसायला तीन महिने लागतात. तोवर बाळ २४ तासांत १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्याने. आईचं दूध दीड-दोन तासांत पचतं, पोट लहान असतं, म्हणून दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. आता तुमचाच हिशेब मांडू. समजा तिला दहा वेळा प्यायचं आहे. आंघोळीनंतरचे साडेचार तास कोरडे गेले आणि संध्याकाळच्या आत आणखी एक लांब झोप झाली, की दिवसभरात जेमतेम चार वेळा पिणं होतं. उरलेले सहा पाज ती रात्री वसूल करते. म्हणून मी सांगेन की रात्रीकडे नंतर बघा, आधी दिवस बदला.

दिवसा पाजायला सुरुवात केल्यापासून अडीच-तीन तास झाले की तिला उठवा, आंघोळीनंतरच्या झोपेतूनसुद्धा. झोपलेलं तान्हं उठवू नये असं आजी म्हणतील, पण गाढ झोपेतून उठवायचं नाहीच. तिचा हात हळूच उचलून सोडा. लुळा पडला, चेहरा शांत असला, तर ती गाढ झोपेत आहे, पंधरा-वीस मिनिटं थांबा. पापण्यांखाली बुबुळं हलताहेत, ओठ चोखल्यासारखे होताहेत, बोटं चाळवताहेत, की झोप हलकी झाली. त्या वेळी कुंची आणि दुपटं काढा, लंगोट बदला, तळपाय आणि पाठीचा कणा बोटांनी चोळा, उभी धरा. बहुतेक वेळा एवढ्याने तोंड उघडते. तोंडावर पाणी मारू नका. पिता पिता पेंगली तर थांबून ढेकर काढा आणि दुसऱ्या बाजूला घ्या.

दुसरी गोष्ट बाळंतखोलीची. आपल्याकडे ही खोली दिवसाढवळ्या अंधारी ठेवतात: खिडक्यांची लाकडी दारं बंद, वर पडदा, वारं लागू नये म्हणून. काळजी खरी आहे, पण वारं वेगळं आणि उजेड वेगळा. वाऱ्याच्या झोतात न येईल असं अंथरूण हलवा आणि खिडकी उघडा. कौलारू घर असेल आणि छपराला काचेचं कौल असेल तर त्या उजेडाच्या खोलीत दिवसा बाळ ठेवा, थेट ऊन मात्र अंगावर नको. भांड्यांचा आवाज, माणसांचं बोलणं चालू द्या. न्हाणं झाल्यावरची धुरी बंद करा, त्या धुराने इवल्या छातीला त्रासच होतो. आणि शेगडी पेटवून दारं-खिडक्या बंद करून कधीच झोपू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो कळतही नाही आणि जीव जातो.

रात्री सगळं याच्या उलट. बारीक पिवळा दिवा, बोलणं नाही, मोबाईल नाही. हलक्या झोपेत तान्ही मुलं कण्हतात, कुंथतात, हातपाय झाडतात, क्षणभर रडल्यासारखंही करतात. तेवढ्यावर उचललं तर आपणच तिला जागं करतो. मिनिटभर बघा. मान वळवून तोंडाने शोधायला लागली, मूठ तोंडात घालू लागली की लगेच घ्या. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे, आणि रडून लाल झालेलं बाळ नीट धरत नाही. धरताना तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. नुसतं बोंड तोंडात असेल तर तुम्हाला चिरा पडतील आणि तिला दूध कमी मिळेल. मग ती खरंच दर तासाला उठेल. लंगोट बदलायचाच असेल तर एका बाजूचं पिऊन झाल्यावर बदला. त्याने ती थोडी जागी होते, दुसऱ्या बाजूचं पिते आणि भरल्या पोटी झोपते. सगळं पिऊन झाल्यावर बदललंत तर झोप मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी सहा ते दहा ती तासातासाला मागत असेल तर तेही दूध आटल्याचं लक्षण नाही. या वयाची बरीच मुलं रात्रीच्या आधी असं सलग पितात, पिऊ द्या.

रात्री वरचं दूध देऊ नका, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त वाहतं. रात्रीचे पाज चुकले की स्तनात गाठी होतात, शरीराला वाटतं मागणी कमी झाली आणि आठवड्याभरात दूध खरोखरच कमी होतं. घरच्यांची भीती अशी आपल्याच हाताने खरी होते.

जायफळाबद्दल स्पष्ट सांगते: देऊ नका, अर्धा वेढासुद्धा नको. त्याने येते ती गुंगी, झोप नव्हे. सहाणेवर दोन वेढे उगाळले म्हणजे नेमकं किती, हे कोणालाच मोजता येत नाही, आणि गुंगीतलं बाळ भूक लागूनही उठत नाही. मधाचं बोटही नको. त्यातून बॉट्युलिझम नावाचा, स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. सहा महिने पाणीसुद्धा लागत नाही. आईच्या दुधात ते पुरेसं असतं. आजींना एवढंच सांगा की गुटीमागची माया कळते, पण टाळूला तेल लावणं आणि अंग चोळणं त्यांच्याच हातून व्हावं.

झोपवताना पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, तुमच्या हाताच्या अंतरावर. मोहरीची उशी, लोड, जाड गोधडी तिच्याजवळ नको, श्वास कोंडतो. डास असतील तर ताणून बसवलेली मच्छरदाणी. झोळीत मान पुढे मुडपून हनुवटी छातीला टेकते, म्हणून रात्रभर झोळी नकोच. पाय सरळ बांधून घट्ट गुंडाळू नका, खुब्याचे सांधे सरकू शकतात. पाठ टेकून बसल्या बसल्या पाजताना डोळा लागण्याचा धोका वाटला तर कुशीवर पडून पाजा आणि झालं की तिला तिच्या अंथरुणावर सरकवा.

२१व्या दिवशी आशाताई येतील तेव्हा वजन पुन्हा करून घ्या. पहिल्या महिन्यात दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ हवी, म्हणजे १४व्या दिवसापासूनच्या सात दिवसांत १४० ते २१० ग्रॅम. तायी कार्डावर (कर्नाटकात मिळणारं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड) कन्नडमध्ये लिहिलेलं वाचता येत नसेल तर आकडा तोंडी विचारून वहीत लिहून ठेवा. दिवसाचे पाज वाढवल्यावर आठ-दहा दिवसांत रात्रीचा एखादा टप्पा तीन तासांचा होईल, यापेक्षा जास्त अपेक्षा आत्ता नको.

दोन पाज ओळीने घेतले नाहीत, उठवूनही उठत नाही, ताप ३७.५ अंशांच्या वर गेला किंवा हातपाय गार पडले, मिनिटाला ६० हून जास्त श्वास आहेत, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे दिसतात किंवा झटके येतात, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.